सात ओळींची जागा

१

दुपारचे चार वाजले की सगळी रत्नागिरी चहा पिते. दर्शना शिवलकर त्या वेळी, ज्या घरात माणूस गेलेलं आहे त्या घरी फोन लावायची. आणि खरं सांगायचं तर तिला ते काम मनापासून आवडायचं.

'दैनिक खाडीपट्टा'चं ऑफिस राम आळीत, भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर होतं. खाली दिवसभर पातेल्यांचा खणखणाट आणि वर शाईचा वास. पहिल्या पानावर मंत्री, दुसऱ्यावर अपघात आणि तिसऱ्या पानावर निधनवार्ता. गावागावांतले वाचक पेपर घडीतून काढला की आधी तिसरं पान उघडायचे. मंत्री काय, उद्याही बोलणार असतो. माणूस एकदाच जातो.

मग व्हॉट्सॲपवर 'आपली रत्नागिरी' नावाचा ग्रुप आला. माणूस दवाखान्यातून घरी आणायच्या आत तिथे फोटो, खाली फुलांची रांग, आणि शंभर जणांची भावपूर्ण श्रद्धांजली. दुसऱ्या दिवशी सकाळी येणारा पेपर म्हणजे निवलेला चहा. खाडीपट्टानेही घाबरून ग्रुपवरच्या बातम्या तशाच उचलायला सुरुवात केली. आणि फेब्रुवारीत एक निवृत्त मास्तर स्वतःच्या निधनाची बातमी हातात घेऊन जिना चढून आले. खुर्चीत बसले, घाम पुसला आणि म्हणाले, "छापलंत ते छापलंत, फोटो तरी बरा घ्यायचा होता."

त्या महिन्यात खप असा घसरला की संपादक दीपक मयेकरांनी जाहीर करून टाकलं, दसऱ्याला मशीन बंद. पुढे फक्त फेसबुक पेज.

दर्शनाला तेव्हा नोकरीला लागून सहा महिने झाले होते. ती सरांच्या केबिनमध्ये शिरली ती बसलीच नाही. "सर, आपण ग्रुपच्या मागे धावतो म्हणून पडतो. त्यांच्याकडे घाई आहे, आपल्याकडे खात्री हवी. पूर्वी आपल्याकडे नियम होता ना? घरच्यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय कोणाला मेला म्हणायचं नाही?"

"तो नियम लँडलाइनच्या काळातला, दर्शना."

"मग लँडलाइनवरच करते फोन."

सर हसले. "दसऱ्यापर्यंत कर. पण एक जरी जिवंत माणूस पुन्हा मेला, तर त्याच दिवशी कुलूप. कबूल?"

कबूल. दर्शनाने कपाटातून जुन्या उपसंपादकांची नंबरांची वही काढली. गावानुसार, वाडीनुसार, घरानुसार नंबर. मोबाइल लावून उपयोग नसायचा. माणूस गेलं त्या दिवशी घरातले सगळे मोबाइल एकतर व्यस्त असतात, नाहीतर ग्रुपवर फुलं मोजत असतात. लँडलाइनपाशी मात्र कोणीतरी म्हातारं माणूस मागे राहिलेलं असतं. प्रश्न ठरलेले. नाव-वय काय? कधी गेले? पश्चात कोण? त्यातून सात ओळी व्हायच्या, ना एक कमी ना एक जास्त, आणि वर छोट्या अक्षरांत 'घरच्यांनी कळवल्याप्रमाणे'.

जूनपासून खप पुन्हा चढायला लागला. फार नाही. पण चढायला लागला.

२

पावसचे गंगाराम भाटकर गेले तो मंगळवार होता. आंब्याच्या कलमांची मोठी बाग, मोठं खटलं. ग्रुपवर फुलं पडली, दर्शनाने वहीतला नंबर लावला. तिसऱ्या रिंगला फोन उचलला गेला.

"बोल गो बाय."

म्हाताऱ्या बाईचा आवाज. रडून बसलेला नव्हे, निवांत. जेवणं उरकून ओटीवर येऊन बसल्यासारखा. मागे झोपाळ्याची कडी कुरकुरत होती. बाईंनी नाव सांगितलं, वय सांगितलं, पहाटे पाचला गेले म्हणाल्या. "पश्चात बायको, दोन मुलगे, सुना, नातवंडं. आणि वसईची मुलगी, मृणाली. तिचं नाव राहू नको देऊ हां."

दर्शनाने लिहिलं. बातमी लागली.

चार दिवसांनी गंगारामांचा पुतण्या बाबू ऑफिसात आला, अंकाच्या दहा प्रती हव्यात म्हणून. डोळे सुजलेले, पण चेहऱ्यावर कसलं तरी समाधान.

"मॅडम, मृणालीताईचं नाव तुम्हाला कोणी सांगितलं?"

दर्शनाने अंक पुढ्यात ओढला. "चुकलं का?"

"चुकलं कसलं! अठरा वर्षं झाली, लग्नावरून भांडून गेली ती गेली. घरात नाव काढायची बंदी होती. तुमच्या बातमीचा फोटो कोणीतरी वसईला पाठवला. काल आली. काकीच्या गळ्यात पडली. सगळं घर रडलं, हो." त्याने डोळे पुसले. "म्हणून विचारतोय, सांगितलं कोणी? आमच्यातलं तर कोणी कबूल होत नाय."

"घरी फोन केला होता मी. लँडलाइनवर. एक आजी बोलल्या."

"लँडलाइन? ती वादळात खांब पडला तेव्हाच गेली. वायर हाय अजून. काकी तिच्यावर कपडे वाळत घालते."

३

शिकलेल्या माणसाकडे कारणांना तोटा नसतो. नंबर दुसऱ्या कोणाला दिला असेल. लाइन कुठेतरी जुळली असेल. आजी शेजारची असेल, भाटकरांच्या सगळ्या भानगडी तिला ठाऊक असतील; कोकणात शेजारणीला ठाऊक नसतं असं काय असतं?

दर्शनाने ही तिन्ही कारणं कागदावर लिहिली आणि तिला जरा बरं वाटलं. शुक्रवारी तिने अलोऱ्याला फोन लावला. कोयना प्रकल्पाच्या वसाहतीतलं घर, एक निवृत्त वायरमन गेले होते. पावसपासून अलोरे किती लांब!

तिसरी रिंग. "बोल गो बाय."

मागे झोपाळा. वसाहतीतल्या दोन खोल्यांत झोपाळा कुठे टांगणार, हा विचार तिच्या मनात आला आणि तिने तो तसाच परतवून लावला. माहिती लिहून घेतली. मग मोबाइलवरून वायरमनच्या मुलाला गाठून पुन्हा पडताळली. काना-मात्रेचा फरक नाही.

पुढच्या सोमवारी लोट्याच्या कारखान्यातला एक कामगार. मग खेडचे एक डॉक्टर. नंबर निराळे, गावं निराळी, आवाज तोच. माहिती प्रत्येक वेळी बरोबर, नव्हे, घरच्यांपेक्षाही बरोबर. डॉक्टरांच्या बायकोने तर निरोप पाठवला, की त्यांच्या मागे त्यांचा कुत्रासुद्धा आहे हे तुम्ही लिहिलंत, जीव निवला.

पानं लावणारा नितेश तिला चिडवायचा. "दर्शना, तुझ्या त्या आजीला आपल्याकडे वार्ताहर म्हणून घे. ओळखपत्र करून देतो."

"तू आपलं फेसबुक सांभाळ."

"सांभाळतोय की! तुझी निधनवार्ता टाकली की दोनशे लाइक येतात. लोकांना मेलेलं आवडतं गो."

ती हसली. हसायला तिला काही जड गेलं नाही, कारण ती खरंच सुखात होती. सकाळी स्टँडवर लोक तिसरं पान उघडून उभे दिसत. मयेकर सरांनी दसऱ्याचं नाव काढणं सोडलं होतं. आणि दुपारी चारला तो आवाज कानाशी आला की तिला दिवसभरातलं सर्वांत शांत काही ऐकतोय असं वाटायचं. कधी कधी माहिती संपल्यावरही दोघी फोन धरून असायच्या. बोलायचं काही नसायचं. कडी कुरकुरत राहायची.

एकदाच तिने विचारलं, "आजी, तुम्ही कोण बोलताय?"

"घरातलीच गो," आवाज म्हणाला.

४

सप्टेंबरातल्या एका बुधवारी ग्रुपवर मिऱ्याच्या चिमाबाई शिरधनकर यांचा फोटो पडला. मासळीच्या धंद्यात आयुष्य गेलेली, बंदरावर सगळ्यांच्या ओळखीची बाई. फुलांचा खच पडला होता. दर्शनाने घड्याळ पाहिलं, चार वाजून पाच मिनिटं. नंबर लावला.

"बोल गो बाय."

"चिमाबाईंची बातमी घ्यायची होती. वय?"

"ब्याऐंशी."

"कधी गेल्या?"

"आज. संध्याकाळी साडेपाचला. झोपेत. सुखाने गेली."

दर्शनाचं पेन थांबलं. भिंतीवरचा काटा सहा मिनिटांवर सरकला. "आजी, अजून साडेपाच व्हायचेत."

"व्हतील," आवाज शांतपणे म्हणाला. "लिव तू. जागा ठेव."

तिने फोन ठेवला. म्हातारी माणसं वेळेत गडबडतात. कालचे साडेपाच असतील. हो, तसंच असेल. तिने मोबाइल उचलला आणि चिमाबाईंची नात अक्षया हिला लावला.

"आजी?" अक्षया ओरडली. "ती बघा बसलीय ओटीवर, बांगडे कोणी महाग विकले त्यावरून शिव्या देतेय! कुठल्या मेल्याने टाकलं ग्रुपवर देव जाणे. सकाळपासून अर्धी रत्नागिरी येऊन गेली."

दर्शनाने डोळे मिटले. म्हणजे ग्रुप खोटा. आणि पहिल्यांदाच आवाजही खोटा. नियम पाळून, फोन करून, प्रश्न विचारूनसुद्धा तिने आज जिवंत माणसाला पानात घातलं असतं, आणि उद्या मशीनला कुलूप.

की आवाज खोटा नव्हता?

"नितेश, चिमाबाईंच्या सात ओळी थांबव. मी सांगेपर्यंत काही घालू नकोस."

"सहाला पान सोडायचंय!"

ती तोवर जिन्यावर होती.

५

स्कूटीवरून मिऱ्या म्हणजे वीस मिनिटं. वाटेत ती स्वतःला बजावत होती, की मी पडताळायला चाललेय, दुसरं काही नाही.

चिमाबाई खुर्चीत पाय पसरून बसल्या होत्या. समोर बंधाऱ्यापलीकडे समुद्र, अंगणात सुकत घातलेली जाळी.

"ये गो. तू पण रडाया आलीस?"

"नाही आजी, मी खाडीपट्टामधून आलेय."

"मंग लिव, मी जिती हाय. मेल्याची खोटी खबर आली की आविष्य वाढतं. शंभर वर्सं जगतेय आता. जळू देत मेले!" त्या मनापासून हसल्या, दोन दात दाखवून.

बोलता बोलता सव्वापाच झाले. दर्शना पायरीवर बसली होती. अक्षया चहा ठेवायला मागल्या दारी गेली. वारा पडला होता. चिमाबाईंनी मोठी जांभई दिली.

"दमलेय गो. ह्या रडायला येणाऱ्यांनी दमवलं. जरा आडवी होते."

"नको!" दर्शना इतक्या जोरात म्हणाली की कावळा उडाला. "म्हणजे... आजी, मला सांगा ना, पहिली होडी कधी घेतलीत?"

"होडी?" म्हातारीच्या डोळ्यांत चमक आली, पण पापण्या जड होत्या. "नवऱ्याची व्हती ती. मी आपली..." मान एका अंगाला कलली.

"आणि भाव? भाव कोण ठरवायचं बंदरात?"

"भाव?" मान ताडकन वर आली. "भाव मी ठरवायची!" आणि त्या सुरू झाल्या. दर्शना प्रश्नावर प्रश्न विचारत होती, पापलेटचे, सुरमईचे, कोणाकोणाशी भांडण झालं त्याचे. आयुष्यात तिने इतकी वाईट मुलाखत घेतली नव्हती. घड्याळात पाच अठ्ठावीस. पाच एकोणतीस.

त्याच वेळी आतून कुरकुर आली.

तिने मान वळवली. ओटीवरून मधल्या घराचं दार उघडं होतं. आत उजेड कमी. भिंतीला जुना टेलिफोन होता, त्याची वायर कापून वर खिळ्याला गुंडाळलेली. आणि खोलीच्या मधोमध झोपाळ्यावर कोणीतरी बसलं होतं, पेपर पूर्ण उघडून, तोंडासमोर धरून. पूर्वी घरोघरी कोणी ना कोणी असं बसलेलं दिसायचं. दर्शनाला क्षणभर फक्त बरं वाटलं. पेपराच्या कडांवर सुरकुतलेली बोटं होती. खालून लुगड्याचा काठ दिसत होता. पाय जमिनीला लागत नव्हते, तरी झोपाळा हलत होता. आणि पानाच्या खालच्या कोपऱ्यात एक चौकोन कोरा होता, इतका कोरा की पलीकडचा उजेड त्यातून येत होता.

पलीकडे चेहरा असायला हवा होता. उजेडच होता.

"चहा," अक्षया मागून म्हणाली.

"आत कोण पेपर वाचतंय?" दर्शनाने विचारलं. आपला आवाज इतका साधा कसा निघाला याचं तिला नवल वाटलं.

"आत? कोणी नाय हो. आणि आमच्याकडे पेपर बंद करून दोन वर्षं झाली. मोबाइलवरच बघतो सगळं."

दर्शनाने पुन्हा पाहिलं. झोपाळा रिकामा होता. सावकाश, सावकाश थांबत होता.

पाच पस्तीस. चिमाबाई चहात बेकरीचा कडक बटर बुडवत होत्या. "आणि लिव," त्या म्हणाल्या, "तो बांगडेवाला चोर हाय."

मोबाइल वाजला. नितेश. "बाई, सात ओळींचं काय करू? तुझी चिमाबाई लावू, की तिथे डासांच्या अगरबत्तीची जाहिरात टाकू?"

"काही टाकू नकोस."

"काय?"

"चिमाबाई जिवंत आहेत. मी समोर बसलेय. ती जागा कोरी सोड."

"सर मला कोरा करतील!"

"मी बघते सरांचं," दर्शना म्हणाली. का म्हणाली, ते तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

६

सकाळी खाडीपट्टाच्या तिसऱ्या पानावर उजव्या कोपऱ्यात काळ्या चौकटीत सात ओळींची पांढरी जागा होती. वर छोट्या अक्षरांत 'घरच्यांनी कळवल्याप्रमाणे'. खाली काही नाही.

नऊ वाजता त्या चौकटीचा फोटो 'आपली रत्नागिरी' ग्रुपवर होता. कोणाची ही जागा? आणि मग जे झालं ते कोणी ठरवूनही झालं नसतं. लोकांनी आपापल्या म्हाताऱ्यांना फोन लावले. मुंबईतून गावाला, पुण्यातून गावाला, एका वाडीतून दुसऱ्या वाडीत. बरी हायस ना? जेवलीस ना? वर्षभर ज्यांची बेल वाजली नव्हती त्यांचीही वाजली. दहापर्यंत स्टँडवरचे सगळे अंक संपले.

मयेकर सर केबिनमधून बाहेर आले, हातात पेपर, चेहऱ्यावर राग आणि हसू एकमेकांत अडकलेलं. "चुकीचं काही छापलं नाही, एवढंच तुझ्या बाजूने. पुन्हा करू नकोस." आणि केबिनकडे वळता वळता, "दसऱ्याचं राहू दे."

दर्शनाने मान हलवली. तिला रडू येईल इतका आनंद झाला होता. तो दिवस तिने तसाच, हलक्या पायाने काढला, चार वाजेपर्यंत.

चार वाजता तिने कोणालाच फोन लावला नव्हता. ऑफिसचा फोन आपण होऊन वाजला. तीनदा.

"बोल गो बाय," आवाज म्हणाला. आज त्यात काहीतरी निराळं होतं. लाजल्यासारखं. "जागा ठेवलीस. बरं केलंस. चिमाचं नाव मी उगाच घेतलं, जागा हवी व्हती म्हणून. तुझ्या लोकांनी मागे दोनदा फोन केला व्हता आमच्याकडे. उचलायला कोणी नव्हतं. माझी बातमी राहिली ती राहिलीच."

खाली दुकानात कोणीतरी पातेल्यांची चळत लावत होतं. दर्शनाने खुर्ची ओढली, वही उघडली. पेनाचं टोपण काढलं.

"नाव काय, आजी?"

नाव सांगितलं गेलं. साधंच. वय सांगितलं.

"कधी गेलात?"

"तसं नेमकं नाय आठवत. वादळाच्या आसपास लिव."

"पश्चात कोण?"

कडी थांबली. दर्शनाला वाटलं, फोन ठेवला असता तर बरं झालं असतं. अजूनही ठेवता येईल. तिने तो ठेवला नाही.

"तू हायस की," आवाज म्हणाला. "लिव."

७

संध्याकाळी नितेशने सात ओळी जुळवल्या आणि मान वर केली. "ही कोण गो? ग्रुपवर तर काय आलं नाय."

मयेकर सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "घरच्यांकडून पडताळलंस?"

"हो सर."

"घरचे कोण?"

"मी," दर्शना म्हणाली.

सरांनी शेवटची ओळ वाचली. पश्चात दर्शना. काहीतरी विचारायला त्यांनी तोंड उघडलं, पण सहा वाजत आले होते. त्यांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर त्या बातमीखाली दोनशे बारा जणांनी फुलं टाकली. कोणी लिहिलं, 'फार प्रेमळ होत्या.' कोणी लिहिलं, 'न भरून येणारी हानी.' बाई कुठली, कोण, हे एकानेही विचारलं नाही. अंगठा हलवायला ओळख लागत नाही.

घरी आईने पेपर दोनदा वाचला. "दर्शना, तुझं नाव कसं यात? आपलं कोण लागतं हे?"

"आहे कोणीतरी, आई."

"मग सुतक?" आईचा आवाज खाली आला. "पश्चात म्हणून नाव छापलंय. कोणीतरी धरायला नको?"

सुतक म्हणजे दहा दिवस देवाला हात लावायचा नाही. दर्शनाने देवघराकडे पाहिलं. शाळेत असल्यापासून संध्याकाळचा दिवा तीच लावायची.

"मी धरते," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी आईने दिवा लावला. दर्शना उंबऱ्याबाहेर बसली होती. तिला दुःख झालं नव्हतं. उलट, फार दिवसांनी कोणी घरी आल्यावर वाटतं तसं वाटत होतं. आईने वळून पाहिलं, तेव्हा ती एका अंगाला सरकून बसली होती. शेजारी एका माणसापुरती जागा सोडून.